महिन्याला दोनशे रुपयांची हमी : रोजगार हमी योजनेचे एका वर्गणीदाराने केलेले परीक्षण

पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्यांच्या पगारपत्रकावर वजावटीच्या रकान्यात ‘पी.टी.’ या अक्षरांसमोर २०० रुपयांचा आकडा असतो आणि फेब्रुवारीत तो ३०० होतो. हा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही; १९८८ साली घटनादुरुस्तीने ठरवलेली ही मर्यादा अजून तशीच आहे. बहुतेकजण या ओळीवरून नजर फिरवून थेट हातात पडणाऱ्या रकमेकडे जातात. महाराष्ट्राने हा कर १९७५ मध्ये बसवला तो एका ठरावीक कामासाठी, म्हणजे ग्रामीण भागात काम मागणाऱ्याला काम देण्यासाठी लागणारा पैसा उभा करण्यासाठी, आणि जमा होईल तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी अशी तरतूद होती. त्या अर्थाने मी गेली कित्येक वर्षे या सेवेचा वर्गणीदार आहे. सेवा वापरणारे मात्र माझे सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीकडचे नातेवाईक आहेत. ज्या वस्तूचे पैसे एक भरतो आणि जी वापरतो दुसरा, तिचे परीक्षण सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून हा खटाटोप.

सरकारने पैसा खर्च करून रोजगार निर्माण होतो की तो खासगी उद्योगानेच होतो, हा वाद आपल्याकडे अर्थसंकल्पाच्या सुमारास दरवर्षी रंगतो. त्याची उत्तरे बहुधा दिल्लीच्या आकड्यांतून दिली जातात. सांगली जिल्ह्यात मात्र या दोन्ही मार्गांचे मूळ नमुने फारशा अंतरावर नसलेल्या दोन गावांत पाहायला मिळतात, आणि दोन्ही सेवांची तुलना करायची तर तिथूनच करणे मला सोयीचे वाटते.

पहिला नमुना किर्लोस्करवाडी. बेळगावातील जागा नगरपालिकेच्या विस्तारात गेल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी ठिकाण हवे होते. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ त्यांना देऊ केला, भांडवलालाही हातभार लावला आणि १९१० मध्ये तिथे वसाहत उभी राहिली. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी त्या वेळच्या शेतकऱ्यांची समजूत असल्याने सुरुवातीचे नांगर गिऱ्हाइकाची वाट पाहत पडून राहिले. पुढे ते खपू लागले, मग उसाचे चरक आले, पंप आले आणि निवडुंगाच्या माळावर ओतारी, सुतार, जोडारी अशी माणसे पिढ्यान्‌पिढ्या पगार घेऊ लागली. खासगी उद्योग रोजगार कसा निर्माण करतो याचे इतके स्वच्छ उदाहरण महाराष्ट्रात क्वचित सापडेल, कारण त्या पगारामागे विकली गेलेली वस्तू होती आणि ती वस्तू घेणाऱ्या शेतकऱ्याचेही काम तिने वाढवले. मात्र माळ संस्थानिकाचा होता आणि माल जाण्यासाठी रेल्वेचे स्टेशन शेजारी होते, ही गोष्ट उद्योजकतेच्या गौरवग्रंथांत जरा लहान टायपात छापली जाते.

दुसरा नमुना तासगाव तालुक्यातील विसापूरचा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास या परिसरात एक प्रयोग केला. शेतीची कामे नसतात त्या महिन्यांत मजुराला काम हवे असते आणि गावाला बांध-बंधारे, विहिरी, रस्ते हवे असतात, तर दोन्ही गरजा एकमेकींना भेटवून द्याव्यात, इतका साधा त्याचा गाभा होता. त्यानंतर १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणारे हात, सुकडीची पाकिटे आणि लाल मिलो ज्वारी यांच्या आठवणी आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अजून येतात. त्या कामांनी माणसे तगली, आणि मग दुष्काळ पडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा काम हा कायमचा हक्कच का असू नये, हा प्रश्न टाळता येईना. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना योजना सुरू झाली, १९७७ मध्ये रोजगार हमी कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. केंद्राचा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा आला तो २००५ मध्ये.

आता सेवेकडे येऊ. कायद्यातले आश्वासन कोणत्याही खासगी कंपनीच्या जाहिरातीला लाजवेल असे आहे. प्रौढ व्यक्तीने नमुना ४ मध्ये कामाची मागणी करावी, तारखेसह पोच घ्यावी, १५ दिवसांत काम मिळावे, ते शक्यतो गावापासून ५ किलोमीटरच्या आत असावे, त्याहून लांब असल्यास १० टक्के मजुरी जास्त मिळावी, आणि काम देता आले नाही तर राज्याने बेरोजगार भत्ता द्यावा. स्त्री-पुरुषांना दर एकच. केंद्राच्या कायद्यात प्रत्येक कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी होती आणि त्यापुढच्या दिवसांचा भार महाराष्ट्राने आपल्या जुन्या कायद्याखाली उचलला. २०२५-२६ साठी महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये ठरला. अर्जात शिक्षण विचारत नाहीत, अनुभव विचारत नाहीत आणि मुलाखत घेत नाहीत.

प्रत्यक्षातला अनुभव असा की सेवेचा दर्जा सर्वात चांगला असतो तो कामाच्या जागी आणि सर्वात वाईट असतो तो कागदावर. नाला खोलीकरणाच्या एका कामावर मी सकाळी गेलो होतो. चुन्याने आखणी करून दिलेली होती, बायका जोडीजोडीने घमेली भरत होत्या, एक म्हातारी बाभळीखाली पोरे सांभाळत होती आणि तिचीही हजेरी मस्टरवर लागत होती. अडचण आली ती छायाचित्राच्या वेळी. आता हजेरी मोबाइल अ‍ॅपवर, दिवसातून दोनदा, कामावरच्या सगळ्यांचा फोटो काढून लावावी लागते. २०२३ च्या सुरुवातीपासून ते सक्तीचे आहे. त्या खोलगटात रेंज नव्हती. मेट म्हणून, म्हणजे कामावर देखरेखीसाठी, नेमलेली मुलगी फोन उंच धरून बांधावर चढली, तिथून फोटोत अर्धी माणसे येईनात, म्हणून सगळ्यांना घमेली टाकून बांधाजवळ गोळा केले गेले, आणि एवढ्या धावपळीत फोटो चढला की नाही हे कोणालाच खात्रीने सांगता येईना. बोगस मजुरांना आळा घालण्यासाठी ही व्यवस्था आणली आहे हे मान्यच आहे. खोट्या मस्टरांचा इतिहास इतका जुना आहे की ती तक्रार अनाठायी म्हणता येणार नाही. पण फोटो न चढल्याचा भुर्दंड त्या दिवशी खरोखर खणलेल्या बाईवर पडतो, फोन बनवणाऱ्यावर किंवा अ‍ॅप चालवणाऱ्यावर नाही.

दुसरी अडचण मोजमापाची. ३१२ हा दर दिवसभर उपस्थित राहिल्याबद्दल मिळत नाही. किती घनमीटर खोदले आणि ते मऊ मातीत की कठीण मुरमात, यावर मजुरी निघते. आठवडा संपल्यावर तांत्रिक सहायक येऊन मोजमाप पुस्तिकेत नोंद करतो आणि मग रकमेचा आदेश संगणकावर तयार होऊन पैसे खात्यात जातात. माझ्या एका चुलतभावाच्या गटाच्या कामाचे मोजमाप असेच कोणाच्या तरी टेबलावर अडकून राहिले, आणि त्यांची मजुरी आली तेव्हा दुकानदाराची उधारी व्याजासकट वाढलेली होती. मजुरी १५ दिवसांत द्यावी असे कायदा सांगतो आणि उशिराबद्दल दिवसाला ०.०५ टक्के भरपाई ठरवतो. म्हणजे हजार रुपयांवर दिवसाला ५० पैसे. ही भरपाई मागायला तालुक्याला जाण्याचे एसटीचे भाडेच तिच्यापेक्षा कितीतरी जास्त होते, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

खासगी नोकरीची सेवा या बाबतीत निःसंशय सरस आहे. आमच्याच भावकीतली दोन मुले औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे आहेत. त्यांचा पगार कमी आहे, पाळी बदलती आहे, ओव्हरटाइमचा हिशेब ठेकेदाराच्या मर्जीवर आहे, पण महिन्याच्या ठरलेल्या तारखेच्या आसपास मोबाइलवर संदेश येतो आणि त्या संदेशाच्या भरवशावर दुकानदार उधार देतो. उधारी मिळण्याच्या दृष्टीने पाहिले तर वेळेवर येणारे बारा हजार अनिश्चित येणाऱ्या पंधरा हजारांना भारी पडतात. शिवाय यंत्रावर वर्षभर राहिलेला मुलगा पुढच्या वर्षी दुसऱ्या कारखान्यात दोन रुपये जास्त मागू शकतो. नाला खोदणाऱ्याला दहा वर्षांनीही नवख्याइतकाच दर मिळतो. अंगी कसब यावे अशी रोजगार हमीची रचनाच नाही. उत्पादक, टिकाऊ आणि चढत्या पगाराची नोकरी उद्योगच देतो, हे म्हणणाऱ्यांशी माझा वाद नाही.

वाद आहे तो पुढच्या पायरीवर. खासगी उद्योग माणसाला त्याच्या सोयीने बोलावत नाही. ऑर्डर असेल तेव्हा, जागा असेल तिथे आणि वय बसत असेल तर बोलावतो. त्याने कधी सर्वांना काम देण्याचे वचन दिलेले नाही, त्यामुळे वचनभंगाचा दोषही त्याला देता येत नाही. १९७२ च्या आसपास आटपाडी-खानापूर-माण पट्ट्यातली माणसे काय करत होती, ते पाहिले म्हणजे बाजाराने आपण होऊन काय दिले हे कळते. काहीजण सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात उत्तरेपासून केरळपर्यंत गेले आणि गलाई व्यावसायिक म्हणून त्यांनी नाव व पैसा कमावला; विट्याच्या परिसरातले मोठे वाडे त्यांच्याच कष्टाचे आहेत आणि कोणत्याही सरकारी योजनेने ते बांधलेले नाहीत. त्यांच्याबद्दल अभिमान आहेच. पण त्या वाटेने जाणाऱ्याला आधीच तिथे गेलेला नातेवाईक लागत असे. ज्यांना तो नव्हता ते मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन ऊसतोडीचा कोयता खांद्यावर टाकत, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जाई आणि उचल फिटेपर्यंत कारखाना बदलण्याची मुभा नसे. हाही खासगी रोजगारच आहे, आणि जतपासून बीडपर्यंत तो आजही चालू आहे.

रोजगार हमीचा खरा उपयोग मला इथे दिसतो. वर्षाकाठी किती मनुष्यदिवस निर्माण झाले, या आकड्यात तो नीट उतरत नाही. गावात दोन-तीन महिन्यांचे काम मिळण्याची खात्री असेल तर बाई मुकादमाच्या पहिल्या बोलीला नकार देऊ शकते, आणि शेतमालकाला खुरपणीची मजुरी वाढवावी लागते. कामावर भेटलेल्या एका मावशींनी सांगितले की त्या वर्षी त्यांनी उचल घेतलीच नाही आणि थोरल्या मुलीची शाळा त्यामुळे सुटली नाही. त्यांना मिळालेले दिवस मोजून त्या योजनेला नापास करता येईल; न घेतलेली उचल मोजण्याचा रकाना कोणत्याच अहवालात नसतो. बागायतदारांची या योजनेवरची जुनी नाराजीही यातूनच येते. ‘रोजगार हमीने मजूर आळशी झाला’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि ते उच्चारणारा माणूस मजूर नसतो. गंमत अशी की योजनेसाठी लावलेल्या करांत नोकरदारांच्या व्यवसाय कराबरोबर सिंचित शेतजमिनीवरची विशेष आकारणीही होती, म्हणजे उसाला पाणी मिळालेल्याने कोरडवाहू मजुरासाठी थोडे द्यावे हा विचार कायद्यात लिहूनच ठेवलेला होता.

हमीचा गळा आवळायचा तर कायदा रद्द करावा लागत नाही, हेही महाराष्ट्राने पूर्वी पाहिले आहे. १९८८ मध्ये किमान वेतनानुसार योजनेची मजुरी जवळपास दुप्पट झाली आणि त्यानंतर कामावरची उपस्थिती घसरली. मजुरी वाढल्यावर मजुरांची गरज एकाएकी कमी झाली असे मानायला कारण नव्हते. नवी कामे उघडण्याचा वेग मंदावला आणि मागणीची नोंदच झाली नाही की मागणी नाही असे म्हणता येते. आजही बेरोजगार भत्ता क्वचितच दिला जातो त्याचे कारण तेच आहे. तारीख असलेली पोच हातात नसेल तर १५ दिवस कधीपासून मोजायचे? हे अर्ज घेणारा ग्रामरोजगार सेवक स्वतः मानधनावर असतो आणि त्याचे मानधनही अनेकदा थकलेले असते, हा या सेवेतला एक विनोदच आहे, फक्त त्यावर हसावेसे वाटत नाही.

सरकारी खर्च आणि खासगी उद्योग यांच्यात कुंपण घालून बसलेल्यांना मी फळबागांचे उदाहरण देईन. १९९० पासून राज्याने रोजगार हमीच्या पैशातून शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवर फळझाडे लावायला सुरुवात केली. खड्डे खोदण्याची मजुरी, कलमे, खते यांचा खर्च सरकारचा आणि झाड व फळ शेतकऱ्याचे. सार्वजनिक पैसा खासगी बांधावर का घालायचा, अशी टीका तेव्हा झाली होती आणि तत्त्व म्हणून ती चुकीची नव्हती. पण आटपाडी-सांगोल्याच्या उजाड माळांवर डाळिंब आले, कोकणात आंबा-काजू वाढला, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राच्या काजूच्या जाती डोंगरउतारांवर गेल्या. त्या झाडांमागून छाटणी करणारे, फवारणीचे औषध विकणारे, प्रतवारी करणाऱ्या बायका, पुठ्ठ्याच्या खोक्यांचे कारखानदार, टेम्पोवाले आणि काजू फोडणारी युनिटे आली. यांतला एकही माणूस सरकारी मस्टरवर नाही. पुढे तेल्या रोगाने डाळिंबाच्या कितीतरी बागा बसवल्या हेही खरे आहे. बागायतदार त्यातून सावरले किंवा बुडाले ते स्वतःच्या हिमतीवर. धंद्याची जोखीम सरकारने उचलली नव्हती. पहिला खड्डा मात्र त्याने खोदून दिला होता. कृष्णेचे पाणी कराडजवळून टप्प्याटप्प्याने उचलून दुष्काळी तालुक्यांत आणणारी टेंभू योजना हेही त्याच जातीचे काम आहे. कोणत्याही खासगी कंपनीने ती बांधली नसती, आणि ते पाणी आल्यावर जी शेती आणि जे धंदे उभे राहत आहेत ते सरकारला चालवता आले नसते.

म्हणून खर्च कशावर झाला, हा प्रश्न मला किती झाला यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. याच योजनेत दरवर्षी वाहून जाणारे मातीचे रस्ते झाले आहेत आणि पन्नास वर्षे पाणी धरणारे पाझर तलावही झाले आहेत. मजुरी दोन्हीकडे सारखीच गेली. मजुरी आणि सामग्री यांचे ६०:४० प्रमाण ठेवण्याच्या नियमामुळे यंत्रे आणि ठेकेदार दूर राहतात हा त्याचा फायदा, आणि उतारावरच्या दगडी अस्तराअभावी (पिचिंग) चांगला बांध अर्धवट राहतो हा तोटा. आमच्या भागात जुन्या पाझर तलावांखालच्या विहिरी उन्हाळ्यातही काही हात पाणी धरून असतात आणि त्या विहिरींवरच्या द्राक्षबागांत आज बिहारी मजूर काम करतात. ज्यांच्या आजी-आजोबांनी तो तलाव खोदला त्यांच्या गावात बाहेरून मजूर आणावे लागावेत, याहून मोठे प्रशस्तिपत्रक या सेवेला मिळणार नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला, त्याचा उल्लेख केल्याशिवाय परीक्षण शिळे ठरेल. हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले, ही वाढ स्वागतार्ह आहे. मात्र केंद्र प्रत्येक राज्यासाठी निकषांनुसार रक्कम ठरवणार, बहुतेक राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा उचलावा लागणार आणि ठरलेल्या रकमेवरचा खर्च राज्याने सोसायचा, अशी रचना आहे. ‘मागेल त्याला काम’ हे वाक्य त्यामुळे ‘असेल तेवढे काम’ होण्याची भीती आहे. पेरणी आणि कापणीच्या हंगामात मिळून ६० दिवस कामे थांबवण्याची तरतूदही त्यात आहे. शेतीला मजूर मिळावेत हा तिचा हेतू सांगितला जातो. पण मजुराला चार पैसे जास्त मागता येतात ते नेमक्या त्याच दिवसांत, आणि त्याच दिवसांत त्याच्यापुढचा दुसरा पर्याय काढून घेतला तर खुरपणीचा दर कोण ठरवणार हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. व्यवसाय कराच्या इतक्या वर्षांच्या वारशामुळे महाराष्ट्राला स्वतःची हमी स्वतःच्या पैशाने चालू ठेवणे इतर राज्यांपेक्षा सोपे आहे. ते तो करतो की नाही, यावर माझी वर्गणी सत्कारणी लागते की नाही हे ठरेल.

गुण द्यायचेच झाले तर कल्पनेला पाचपैकी पाच, कामाच्या निवडीला तीन, हजेरी आणि मोजमापाला दोन आणि मजुरीच्या वेळेला एक. ज्याला यंत्रावरची नोकरी मिळते त्याने ती घ्यावी, त्याने या सेवेच्या वाटेला जाऊ नये. ज्याला गाव सोडता येत नाही, ज्याच्या घरी आजारी माणूस किंवा लहान मूल आहे, किंवा ज्याच्या दारात मुकादम उचलीचे पैसे घेऊन उभा आहे, त्याने सर्व दोषांसह हीच सेवा वापरावी. मागणी तोंडी करू नये. अर्ज दोन प्रतींत द्यावा, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नये, आणि ‘सध्या काम नाही’ असे उत्तर मिळाले तर तेही त्याच कागदावर लिहून मागावे. भत्त्याचा दावा उभा राहतो तो त्या तारखेवर, आणि ती तारीख द्यायला इतकी खळखळ का होते ते एकदा अर्ज करून पाहिल्यावर आपोआप समजते.